नॉनवोव्हन किती ताणतं? : प्रश्नोत्तरे

जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), ताकद आणि ताण (ओढल्यावर लांबीत होणारी वाढ) यांचा घोळ घातलेली पत्रं थांबत नाहीत, म्हणून एकदाची उत्तरं देतो.

प्रश्न : नॉनवोव्हन म्हणजे कापडच ना?
विणलेलं कापड नाही. त्यात ताणा-बाणा नसतो, तंतू नुसते चिकटवलेले किंवा एकमेकांत गुंतवलेले असतात. बाजारातली पिशवी बहुधा पॉलीप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकच.

प्रश्न : ताणल्यावर पूर्ववत होतं का?
थोडं ताणलं तर बरंचसं. जोरात ओढलं तर नाही.

प्रश्न : क्रॉप कव्हर (पिकावर झाकायचं नॉनवोव्हन) रोलच्या लांबीत सरळ चिरत जातं. माल खराब आहे का?
एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. कारखान्यात सरकत्या जाळीवर पडताना बरेच तंतू लांबीच्या दिशेने झुकतात, म्हणून चीर त्याच दिशेने धावते. आता तुकडा उजेडात धरा आणि आडवा ओढा. चिकटवलेल्या ठिपक्यांची नक्षी पसरते आणि ठिपक्याच्या कडेला तंतू तुटू लागतात. कागदासारखा करकर वाजून न ताणताच तुटला, तर हे ठिपके चिकटवणारा रोलर जास्त तापला असावा. तंतू सुटून लव निघाली, तर कमी तापला असावा. खात्री मात्र प्रयोगशाळेतच करा.

प्रश्न : शेततळ्यासाठी नीडल पंच (सुया मारून तंतू गुंतवलेलं) जिओटेक्स्टाइल, म्हणजे जमिनीत घालायचं कापड, घेतोय. विक्रेता म्हणतो, ‘300 न्यूटन, भक्कम माल.’
कशावर 300? किती रुंदीच्या पट्टीवर? पट्टी 5 सेंटीमीटरची असेल तर हे मीटरला 6 किलोन्यूटन झाले. रुंदी न सांगता नुसता आकडा फेकणं ही या धंद्यातली जुनी चलाखी. त्यात अरुंद पट्टी ओढली की तंतू ओढीच्या दिशेने वळतात, पट्टी मधोमध कंबरेसारखी आवळते, कडेचे कापलेले तंतू भार घेत नाहीत. जमिनीत गाडलेलं कापड मातीच्या दाबाखाली असं आवळत नाही. म्हणूनच आयएसओ 10319 या जिओटेक्स्टाइल ओढून तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात नमुना 200 मिलीमीटर रुंद आणि तो पकडणाऱ्या यंत्राच्या जबड्यांमधलं अंतर 100 मिलीमीटर असतं. प्रयोगशाळेच्या अहवालात लांबी आणि रुंदी दोन्ही दिशांचे आकडे मागा, प्रत्येकी किमान 5 नमुन्यांचे. जबड्यात घसरलेला नमुना बाद. तुटेपर्यंतचा ताण 50 टक्क्यांच्या वर दिसला तर बिचकू नका. नीडल पंचमध्ये तो असतोच, त्यामुळेच ते खडबडीत जमिनीवर बसतं. ‘जीएसएम जास्त, म्हणजे मजबूत’ हे ऐकीव सोडा: त्याच वजनात सुया किती आणि किती खोल मारल्या, यावर ताकद बदलते. अहवाल येईपर्यंत अस्तर अंथरू नका, आणि उतार तीव्र असेल तर आधी स्थापत्य अभियंत्याला जागा दाखवा.

प्रश्न : हाताने ओढून पाहिलं तर चालतं का?
दिशा कळते, ताकद नाही.