बेल अँड सेबॅस्टियनचा सूर मोठा निर्माता आल्यावर हरवला का?

तुम्ही विचारलंय की ग्लासगोच्या बेल अँड सेबॅस्टियनचे सुरुवातीचे अल्बम जवळचे वाटतात आणि २००३ पासूनचे गुळगुळीत. मग नावाजलेला निर्माता, म्हणजे रेकॉर्डिंग घडवणारा माणूस, घेतल्यावर हा बँड स्वतःला विसरला का? आणि विसरला असेल, तर इतकी वर्षं टिकला कसा?

मी हा बँड बरीच वर्षं मन लावून ऐकतोय आणि माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. या बँडची ओळख रेकॉर्डिंगच्या कच्चेपणात कधी नव्हतीच. हळू आवाजात गाणारा एक माणूस मध्यभागी आणि त्याचा आवाज दबणार नाही अशा बेताने भोवती सात-आठ जणांनी मांडलेली वाद्यं, ही त्यांची खरी ओळख. ती मांडणी पहिल्या अल्बमपासून आजपर्यंत तीच आहे.

हा हळू आवाज आला कुठून, ते आधी बघू. बँडचा गायक आणि मुख्य गीतकार स्टुअर्ट मर्डॉक १९८०च्या दशकाच्या अखेरीस एम.ई. या आजाराने अंथरुणाला खिळला. यात थकवा असा येतो की रोजची साधी कामंही झेपत नाहीत. शिक्षण सुटलं, नोकरीचा प्रश्नच नव्हता. त्या एकटेपणाच्या वर्षांत तो पियानोपाशी बसून गाणी लिहू लागला. ओरडून गाण्याइतकी ताकद अंगात नसलेल्या माणसाची ही गाणी आहेत, असं मला ती ऐकताना नेहमी वाटतं. शब्द भरपूर, वाक्यं लांब, चाल बोलण्याच्या जवळची. पात्रं बसमधली, शाळेतली, चर्चमधली. सगळी जरा बाजूला पडलेली.

तब्येत सावरू लागल्यावर बेरोजगार संगीतकारांसाठीच्या एका प्रशिक्षणवर्गात त्याला बेस गिटार वाजवणारा स्टुअर्ट डेव्हिड भेटला आणि १९९६च्या सुरुवातीला बँड उभा राहिला. त्याच सुमारास ग्लासगोच्या स्टो कॉलेजमध्ये संगीत व्यवसायाचा एक अभ्यासक्रम चालायचा. ‘द असोसिएट्स’ या बँडमधले ॲलन रँकिन तो शिकवायचे. विद्यार्थ्यांनी दरवर्षी कॉलेजच्या इलेक्ट्रिक हनी या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या नावाने, एखाद्या बँडचं एक सिंगल (एकाच मुख्य गाण्याची रेकॉर्ड) काढायचं, अशी तिथली पद्धत. ड्रम्स वाजवणारा रिचर्ड कोलबर्न त्याच वर्गात होता. मर्डॉककडे गाण्यांचा एवढा साठा निघाला की सिंगलऐवजी अख्खा अल्बम करायचं ठरलं. तोच ‘टायगरमिल्क’. मोजक्या दिवसांत रेकॉर्ड झाला आणि त्याच्या फक्त १,००० एल.पी. काढल्या. १९९९ मध्ये तो पुन्हा निघेपर्यंत बहुतेकांनी ही गाणी एकमेकांच्या कॅसेटवर उतरवूनच ऐकली.

म्हणजे तो कच्चेपणा परिस्थितीचा होता. वेळ नव्हता, पैसा नव्हता, एकमेकांची पुरती ओळखही नव्हती. पण मांडणी बघा. अल्बमचं पहिलं गाणं ‘द स्टेट आय ॲम इन’ नुसता आवाज आणि गिटार यांवर सुरू होतं. बाकीची वाद्यं एकेक करून येतात, आणि कुणीही आलं तरी शब्द ऐकू येणं थांबत नाही. नवखे वादक सहसा पहिल्या ठोक्यापासून सगळे एकदम वाजवतात. थांबता येणं ही या बँडला पहिल्या दिवसापासून जमलेली गोष्ट.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसरा अल्बम आला, ‘इफ यू आर फीलिंग सिनिस्टर’. तोपर्यंत सारा मार्टिन व्हायोलिन घेऊन आली होती, इझोबेल कॅम्पबेलचा चेलो होताच, ट्रम्पेट मिक कुकचा. हा त्यांचा सर्वोत्तम अल्बम असं बहुतेक रसिक मानतात, मीही मानतो. पण त्याच्या रेकॉर्डिंगवर खुद्द बँड समाधानी नव्हता. २००५ मध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात त्यांनी तो अख्खा अल्बम क्रमाने सादर केला आणि त्याचं रेकॉर्डिंगही प्रसिद्ध केलं. त्यातून आलेले पैसे त्या वर्षीच्या काश्मीर भूकंपाच्या मदतनिधीला गेले. दोन्ही रेकॉर्डिंगं लागोपाठ ऐका. बार्बिकनमध्ये ड्रम्स भक्कम आहेत, तंतुवाद्यं स्वच्छ आहेत, आणि गाणी तशीच जिव्हाळ्याची राहिली आहेत. ज्या धूसरपणावर आपण जीव लावला तो त्यांना स्वतःला नको होता. तुमच्या प्रश्नाच्या बाबतीत मला हा पुरावा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

एका गाण्याच्या बाबतीत मात्र तुमचं म्हणणं पटतं. १९९७चं ‘लेझी लाइन पेंटर जेन’. मर्डॉक तेव्हा एका चर्चच्या इमारतीत राहून तिची देखभाल करायचा आणि हे गाणं तिथेच रेकॉर्ड झालं. मोनिका क्वीन पाहुणी गायिका. मर्डॉक नेहमीसारखा हळू सुरुवात करतो, मग ती येते, आणि तिचा आवाज एवढा भरदार की तो खोलीच्या भिंतींवर आदळून परत येताना ऐकू येतो. पुढे दोघं मिळून गातात, ऑर्गन चढत जातो, गाणं संपलं असं वाटतं तरी वाजवणं चालूच राहतं. जवळजवळ सहा मिनिटं. स्टुडिओत प्रत्येकाला वेगळा माइक देऊन हे करता आलं असतं, पण ती खोली हरवली असती. हे गाणं ब्रिटनच्या सिंगल्सच्या खपाच्या यादीत ४१व्या क्रमांकावर थांबलं. रेडिओ-टीव्हीवर ज्यांचा गाजावाजा व्हायचा त्या पहिल्या चाळिसात यायला एक पायरी कमी पडली.

त्या काळात ते मुलाखती टाळायचे, स्वतःचे फोटो द्यायचे नाहीत. मुखपृष्ठावर एकाच रंगात रंगवलेलं कुणातरी ओळखीच्या व्यक्तीचं छायाचित्र असायचं. यामुळे त्यांच्याभोवती गूढ तयार झालं हे खरं, पण त्याहून मोठं काम झालं ते श्रोत्यांचं. हे आपलं कुणीतरी आहे, आपणच जपायला हवं, अशी भावना त्यांच्यात रुजली. १९९९ मध्ये ब्रिट या ब्रिटनच्या संगीत पुरस्कारांत सर्वोत्तम नवोदितांची निवड श्रोत्यांच्या मतांवर होती. तिथे या फारशा न दिसणाऱ्या बँडने ‘स्टेप्स’सारख्या तुफान खपाच्या गटाला मागे टाकलं. त्याच वर्षी कॅम्बर सँड्स इथल्या सुट्टीच्या वसाहतीत त्यांनी स्वतः निवडलेल्या बँडांचा ‘बोली वीकएंडर’ हा महोत्सव भरवला. टिकण्याचं निम्मं उत्तर इथेच आहे. मोठं लेबल येण्याआधी त्यांच्याजवळ स्वतःची माणसं होती.

बँड खरा डगमगला तो निर्माता येण्याच्या आधी, हे लोक विसरतात. १९९८च्या ‘द बॉय विथ द अरब स्ट्रॅप’पासून मर्डॉकने बाकीच्यांनाही गाणी लिहायला आणि गायला जागा दिली. ‘सीमोर स्टाइन’ गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ही जॅक्सनचं, ‘इज इट विकेड नॉट टू केअर’ इझोबेल कॅम्पबेलचं, दोन्ही सुरेख. पण २००० सालच्या अल्बमपर्यंत केंद्र सुटलं. गाणी सुटी-सुटी छान, पण ती एकत्र का आहेत ते कळत नाही. त्याच वर्षी स्टुअर्ट डेव्हिड बाहेर पडला, २००२ मध्ये दौरा चालू असताना कॅम्पबेल गेली. एका चित्रपटासाठी अल्बमभर संगीत केलं, त्यातलं चित्रपटात जेमतेम काही मिनिटं वापरलं गेलं. बरेच बँड अशा वळणावर संपतात.

मग रफ ट्रेड हे नवं लेबल आणि ट्रेव्हर हॉर्न. फ्रँकी गोज टू हॉलिवूड या १९८०च्या दशकातल्या पॉप बँडचा चकचकीत आवाज ज्याने घडवला तो हा निर्माता. त्याने २००३च्या ‘डिअर कॅटॅस्ट्रॉफी वेट्रेस’मध्ये काय केलं? ताल घट्ट केला, गाणारे आवाज पुढे आणले, वाद्यवृंद नेटका बसवला. ‘स्टेप इंटू माय ऑफिस, बेबी’ मध्येच लय सोडतं आणि पुन्हा पकडतं. १९९६ मध्ये हे वाजवायला गेले असते तर विस्कटले असते. आणि याच अल्बममध्ये ‘पिआत्झा, न्यू यॉर्क कॅचर’ आहे, नुसता मर्डॉक आणि गिटार. शाळेत छळ सोसणाऱ्या मुलावरचं ‘लॉर्ड अँथनी’ही आहे, जे मर्डॉकने फार आधी लिहून ठेवलं होतं. जुन्या कप्प्यातलं इतकं नाजूक गाणं बाहेर काढायला त्यांना हाच अल्बम योग्य वाटला. निर्मात्याने मूळ पुसलं असतं तर ही दोन गाणी तिथे नसती. पुढच्या वर्षी अल्बम ब्रिटनमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठीच्या मर्क्युरी पुरस्काराच्या अंतिम यादीत आला.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. २००६चा ‘द लाइफ परस्यूट’ लॉस एंजेलिसमध्ये टोनी हॉफर या निर्मात्याबरोबर केला. ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेलेला, आनंदी, नाचरा अल्बम. २०१४ मध्ये मर्डॉकने ‘गॉड हेल्प द गर्ल’ हा संगीतपट लिहून दिग्दर्शित केला. २०१५च्या अल्बममधली काही डिस्को वळणाची गाणी मला लांबलेली वाटतात, तिथे तुमची तक्रार मान्य. मग महासाथीत परदेशी जाता येईना, तेव्हा ग्लासगोतच रेकॉर्डिंग करून २०२२चा ‘अ बिट ऑफ प्रीव्हियस’ आणि लगोलग जानेवारी २०२३ मध्ये ‘लेट डेव्हलपर्स’ काढले.

टिकण्याचं उरलेलं निम्मं उत्तर असं की या बँडमध्ये प्रत्येकाला काम आहे आणि कुणालाच सतत वाजवायचं नसतं. ख्रिस गेडिसचा ऑर्गन कितीतरी गाण्यांत फक्त एखाद्या कडव्यापुरता येतो आणि तेवढाच लक्षात राहतो. कॅम्पबेल गेल्यावर सारा मार्टिन गाण्यात पुढे आली, तरी मांडणी मोडली नाही.

ऐकायचा क्रम सुचवायचा तर ‘द स्टेट आय ॲम इन’ आणि ‘पिआत्झा’ जोडीने लावा, मग ‘लॉर्ड अँथनी’, मग बार्बिकनचा अल्बम. २०१५चा अल्बम शेवटी ठेवा, पण त्यातलं पहिलंच गाणं, ‘नोबडीज एम्पायर’, आधी ऐकून घ्या. आजारपणाच्या त्या वर्षांबद्दल मर्डॉकने इतक्या उघडपणे त्याआधी कुठल्याच गाण्यात लिहिलेलं नाही असं मला वाटतं, आणि ड्रम्स कितीही जोरात असले तरी त्यातला एकही शब्द हरवत नाही.