इंजेक्शनच्या कागदावर सही मीच केली

प्रश्न: आमची मांजर मनी गेल्या महिन्यात गेली, 13 वर्षांची होती, किडन्या फेल झाल्या. डॉक्टर म्हणाले आता नुसते हाल आहेत, आणि इंजेक्शनच्या कागदावर सही मी केली. तेव्हापासून डोक्यात एकच, मीच मारलं तिला. आधी का नाही कळलं मला? रात्री दार खरवडल्याचा आवाज येतो, उठून बघते तर काही नाही. घरचे म्हणतात मांजरच होतं ना, दुसरं आणू. 5 वर्षांच्या मुलाला सांगितलंय ती झोपलीये. मला वेड लागतंय का?

उत्तर: नाही हो ताई, अजिबात नाही. इतकी वर्षं कानाला सवय झालेला आवाज महिन्याभरात कसा जाईल, जवळचं माणूस गेल्यावरही असे भास अगदी कॉमन असतात.

आधी कळलं नाही कारण मांजरांचा किडनीचा आजार असतोच तसा, किडनीचं दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेरून फारसं दिसत नाही, पाणी जरा जास्त पिते एवढंच, त्यात मांजरं दुखणं लपवतात. आणि ते इंजेक्शन म्हणजे बहुतेक वेळा भुलीच्याच औषधाचा मोठा डोस असतो, आधी शुद्ध जाते, मग श्वास आणि हृदय थांबतं. मनीला आजाराने नेलं, तुम्ही हाल थांबवलेत. माझ्या सांगण्याने हे लगेच पटणार नाही, म्हणून त्याच डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, सही केली नसती तर तिचे पुढचे दिवस कसे गेले असते? ते उत्तर तुम्हाला त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं.

'मांजरच होतं ना' हे ऐकलं की मला खरंच राग येतो. केनेथ डोका या अभ्यासकांनी 1989 मध्येच लिहून ठेवलंय की लोक ज्या दुःखाला दुःख मानतच नाहीत ते जास्त जड जातं, कारण ना रजा मिळते ना कोणी भेटायला येतं, रडायचं तेही बाथरूमचा नळ सोडून. घरात ऐकून घेणारं एक जरी माणूस असेल तर त्याच्यापाशी मनीबद्दल बोला, नुसतं आजारपण नाही, तिच्या खोड्यासुद्धा.

मुलाला मात्र आजच खरं सांगा. 'झोपली' ऐकून काही मुलं स्वतः झोपायलाच घाबरतात. मनी मेली, तिचं शरीर बंद पडलं, ती परत येणार नाही, एवढं पुरे, आणि तुम्ही रडताना त्याने बघितलं तरी चालेल.

दुसरं मांजर घरच्यांच्या घाईने आणू नका. झोप, जेवण, काम सगळंच कोलमडलं असेल तर कौन्सेलरला भेटाच, आणि जगूच नये असं कधी मनात आलं तर त्याच दिवशी कोणाला तरी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा.