वाचकांचे प्रश्न : रिजेक्शन, रिकामी सूचनापेटी आणि जमिनीवरचे पिवळे पट्टे

'छोट्या उद्योगात गुणवत्ता सुधार कार्यक्रम कसा सुरू करावा' या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

भोसरीत आमचं सीएनसी टर्निंगचं (संगणकावर चालणाऱ्या लेथचं) युनिट आहे, माणसं पंचवीस. दोन-अडीच टक्के माल बाद होतो. सल्लागार म्हणतात, 5एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत), टीक्यूएम (सगळ्यांनी मिळून गुणवत्ता सांभाळणं), सिक्स सिग्मा (आकडेवारीनं दोष कमी करणं) सगळं एकदम सुरू करा. नेमकी सुरुवात कशानं करावी?

सगळं एकदम सुरू केलं की सहा महिन्यांनी भिंतीवर पोस्टर तेवढी उरतात. तुम्ही एका कागदानं सुरुवात करा. प्रत्येक मशीनजवळ एक तक्ता टांगा आणि त्यात चारच रकाने ठेवा : दोष कोणता, मशीन कोणतं, वेळ काय, आणि त्या इन्सर्टवर (कापणारं बदलतं पातं) तोवर किती जॉब (तयार होणारे भाग) निघाले होते. बाद जॉब लाल बिनमध्ये टाकण्याआधी ऑपरेटरनं तिथंच रेघ मारायची. 'दोष' म्हणून नुसतं 'साइज आउट' लिहू देऊ नका. बोअर (आतलं भोक) मोठा की लहान, हे लिहायलाच हवं, कारण दोन्हींची कारणं वेगळी असतात.

दोन आठवड्यांनी बेरीज करा. समजा 180 जॉब बाद झाले आणि त्यांत बोअर लहान 96, ओरखडे 41, लांबी कमी 19, थ्रेड खराब 14, किरकोळ 10 असा हिशेब निघाला. पहिल्या दोन दोषांतच तीन चतुर्थांश नुकसान आहे. मग तीन महिने फक्त बोअरच्या मागे लागा, बाकीचं थांबू द्या.

आता वेळेचा रकाना पाहा. लहान बोअर सकाळच्या पहिल्या पाच-दहा जॉबमध्ये असतील तर मशीन गार आहे, स्पिंडल तापायच्या आत उत्पादन सुरू होतंय. इन्सर्ट बदलल्यावर लगेच असतील तर ऑफसेट (हत्याराच्या जागेची मशीनला दिलेली दुरुस्ती) चुकीचा दिला जातोय. इन्सर्टच्या आयुष्याच्या शेवटी असतील तर धार झिजतेय, कारण धार झिजली की बोअर लहान होत जातो आणि बाहेरचा व्यास मोठा. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) 25 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे आणि 200 जॉबमागे बोअर 20 मायक्रॉन आकसतो असं दिसलं, तर दर 60 जॉबनंतर 6 मायक्रॉन ऑफसेट द्यायचा, असा नियम मशीनवर लिहून ठेवता येतो.

इथं हौशी ऑपरेटर एक चूक हमखास करतो. प्रत्येक जॉब मोजून प्रत्येक वेळी ऑफसेट हलवतो. मशीनचं दोन-तीन मायक्रॉनचं नैसर्गिक मागंपुढं होणं तो दुरुस्त करायला जातो आणि साइजचा पसारा उलट वाढतो. म्हणून दर तासाला सलग पाच जॉब मोजून त्यांची सरासरी आलेखावर मांडा. बिंदू नियंत्रण रेषेबाहेर (नेहमीच्या मागंपुढं होण्याच्या हद्दीबाहेर) गेला किंवा सलग आठ बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूला आले, तरच मशीनला हात लावायचा. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर श्यूहार्टनं हा आलेख (कंट्रोल चार्ट) 1924 मध्ये काढला. त्याला आजही कागद-पेन्सिल पुरते.

आमच्याकडे ऑपरेटर 'ओके' म्हणतो तो जॉब इन्स्पेक्टर बाद करतो. रोज भांडणं होतात. खरं कोणाचं मानायचं? (अंबड, नाशिक)

दोघांचंही खरं असू शकतं. पोलादाचा 50 मिलिमीटरचा शाफ्ट खोलीपेक्षा 20 अंश जास्त तापलेला असताना मोजला तर तो सुमारे 11 ते 12 मायक्रॉन मोठा दिसतो, आणि अॅल्युमिनियम असेल तर त्याच्या दुप्पट. ऑपरेटर मशीनवरून उतरलेला गरम जॉब मोजतो, तर इन्स्पेक्टर दोन तासांनी गार झालेला. 20 मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये अर्धं भांडण इथंच आहे. जॉब कूलंटच्या तापमानाला आणून, पुसून, मगच मोजायचा.

मग साधनाची परीक्षा घ्या. टॉलरन्सच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचे 10 जॉब निवडा आणि त्यांवर नंबर टाका. तीन माणसांनी प्रत्येक जॉब तीन वेळा मोजायचा, क्रम बदलून, आधीचं माप न पाहता. मोजण्यातलाच फरक टॉलरन्सच्या 10 टक्क्यांच्या आत असेल तर साधन चांगलं, 30 टक्क्यांच्या वर असेल तर ते या कामाला चालणार नाही. एकच माणूस स्वतःशीच जुळत नसेल तर दोष साधनात किंवा जॉब धरण्यात आहे. माणसामाणसांत फरक असेल तर पद्धतीत आहे. बहुतेक वेळा मायक्रोमीटर रॅचेटनं (ठरावीक दाबाला घसरणाऱ्या टोकानं) न फिरवता थिंबल (फिरणारी नळी) पकडून आवळलेला असतो. आणि कॅलिब्रेशनचं स्टिकर ताजं आहे म्हणून शून्य तपासायचं नाही, असं करू नका. पाळी सुरू होताना झिरो पाहायलाच हवा.

ग्राहक कंपनीनं तक्रारीवर 8डी रिपोर्ट (कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा अहवाल) मागितला. 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा, समज दिली, पुन्हा ट्रेनिंग दिलं' असं लिहिलं. तो तिसऱ्यांदा परत आला. काय लिहावं? (चाकण)

परत येणारच. त्या वाक्यानं काहीच बदललेलं नाही, उद्या दुसरा ऑपरेटर तेच करील. ग्राहकाला दोन वेगळी उत्तरं हवी असतात : दोष का झाला, आणि झाल्यावर तो तुमच्या गेटबाहेर का गेला. दोन्हींवर स्वतंत्र 'का, का' विचारत जा.

तुम्ही लिहिलंय की ब्रॅकेट उलटा लावल्यामुळे भोक चुकीच्या बाजूला पडलं. उलटा का लागला? फिक्स्चरमध्ये (जॉब पकडून ठेवणाऱ्या चौकटीत) तो दोन्ही बाजूंनी बसतो. का बसतो? दोन्ही लोकेटिंग (जागा ठरवणाऱ्या) पिना सारख्याच व्यासाच्या आहेत. इथं थांबा, कारण इथं उपाय करता येतो. ब्रॅकेटच्या तिरक्या कोपऱ्यासमोर एक अडवणारी पिन ठोका, उलटा जॉब बसणारच नाही. याला कारखान्यात पोका-योके म्हणतात आणि अशी एक पिन दहा ट्रेनिंगांना भारी असते. दुसरं उत्तर : शेवटच्या तपासणीत फक्त भोकाचा व्यास पाहिला जात होता, बाजू नाही. तपासणीच्या गेजमध्येच बाजू पकडली जाईल असं करा. मग तेच फिक्स्चर आणखी कोणत्या पार्टवर वापरता ते शोधून तिथंही पिन लावा, आणि पुढच्या तीन लॉटचा निकाल रिपोर्टला जोडा. पिन बसवण्याआधी आणि नंतरचा फोटो द्या. आणि हो, अडवणारी पिन ठोकल्यावर कोणीतरी घाईच्या दिवशी ती काढून ठेवतं, म्हणून ती पाळीच्या चेकलिस्टमध्ये घ्या.

कोल्हापूरला आमची फाउंड्री आहे. क्वालिटी सर्कल (कामगारांचा सुधारणा गट) काढलं, सूचनापेटी लावली. सर्कल तीन बैठकांत बंद पडलं, पेटी रिकामी.

सर्कलची बैठक कधी घेत होतात? पाळी सुटल्यावर असेल तर तिथंच ते मेलं. बस चुकते, घरी पाहुणे असतात, आणि फुकटचं काम कोणी करत नाही. आठवड्याला एक तास, कामाच्या वेळेत, एकाच विभागातली सहा ते दहा माणसं, एवढं पाळा. मोल्डिंगवाले (साचे बनवणारे) आणि फेटलिंगवाले (ओतीव साफ करणारे) एकत्र बसवले की पहिला तास एकमेकांवर ढकलण्यातच जातो. विषय सर्कलनं निवडायचा आणि पहिला विषय त्यांच्या हातातला हवा. 'ब्लो होल (ओतीवातल्या वायूच्या पोकळ्या) कमी करा' हा पहिला विषय नव्हे. वाळूतला ओलावा, व्हेंटिंग, ओतण्याचं तापमान, कोअर असं सगळं त्यात गुंतलेलं असतं. 'हत्यारं शोधण्यात पाळीला किती वेळ जातो' यावरून सुरुवात करा.

पेटीचं म्हणाल तर चिठ्ठीला उत्तर न येणं हे एकमेव कारण पुरेसं असतं. आठवड्याच्या आत फळ्यावर 'करतोय, अमुक तारखेपर्यंत' किंवा 'नाही, कारण हे' असं लिहा. नकारही चालतो, गप्प बसणं चालत नाही. सूचनेमुळे माणसं कमी केली, असं एकदा जरी घडलं तरी पेटी कायमची बंद झाली समजा.

जपानात ही सर्कल 1962 पासून सुरू झाली, भारतात 1980 मध्ये हैदराबादच्या भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कारखान्यात. जिथं ती टिकली तिथं व्यवस्थापकांनी सर्कलची मागणी लगेच पुरी केली. बहुतेक वेळा ती एखादा रॅक किंवा दिवा एवढीच असते.

मी सांगलीत 50 खाटांच्या रुग्णालयाची व्यवस्थापक आहे. ओपीडीत फार थांबावं लागतं, अशी तक्रार आहे. कारखान्यातल्या पद्धती इथं चालतील का?

चालतील. केसपेपरवरच चार वेळा लिहायची सोय करा : नोंदणी, डॉक्टरांच्या खोलीत प्रवेश, खोलीतून बाहेर, औषधाची खिडकी. रोज 20 केसपेपर, 10 दिवस. सरासरी काढू नका, एखाद्या तातडीच्या रुग्णानं ती फसवी होते. मधली संख्या घ्या आणि रोजचा बिंदू आलेखावर मांडा. सहसा असं दिसतं की तपासणीला सात-आठ मिनिटंच लागतात, पण सगळ्यांना 10 ची वेळ दिलेली आणि डॉक्टर वॉर्डच्या राउंडवरून 11 ला येतात. एकाच डॉक्टरांच्या ओपीडीत, एकच दिवस, 15 मिनिटांच्या अंतरानं वेळा देऊन पाहा. फायदा दिसला तर आठवडाभर करा, मग दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. सलग सहा बिंदू जुन्या मध्यरेषेखाली आले की सुधारणा खरी धरायला हरकत नाही.

5एस केलं, पिवळे पट्टे मारले, दोन महिन्यांत पुन्हा तेच. (वेर्णा, गोवा)

पट्टे शेवटी मारायचे असतात. आधी नको असलेल्या वस्तूंना तारीख घालून लाल टॅग लावा, 30 दिवसांत कोणी मागितलं नाही तर भंगारात. उरलेल्या हत्यारांच्या जागा ती वापरणाऱ्यांनाच ठरवू द्या. रोज पाळी संपण्याआधी पाच मिनिटं आवराआवरीला द्या आणि ती उत्पादनाच्या टार्गेटमधून वजा करा. वजा केली नाहीत तर ती पाच मिनिटं कोणीच देणार नाही. महिन्याच्या ऑडिटला मालकांनी स्वतः फिरावं, शक्यतो आधी न सांगता.