जुन्या एमजीबीचं वायरिंग उपसण्याआधी

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार रेससाठी तयार करतोयस, तर कटर नंतर. आधी गाडी कोणत्या सालची ते बघ. १९६७ च्या सुमारापर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं आणि चार्जिंगला डायनॅमो. पुढे निगेटिव्ह अर्थ (म्हणजे निगेटिव्ह टोक बॉडीला) आणि चार्जिंगला ऑल्टरनेटर आला. हे न बघता इलेक्ट्रॉनिक इग्निशन (इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रणा) जोडलंस तर ते जळालंच समज.

मूळ हार्नेसमधली (वायरींच्या जुडग्यातली) तपकिरी वायर कायम चालू, पांढरी चावी फिरवल्यावर, आणि दोन्हींना फ्यूज नाही! रेसच्या गाडीत हे नकोच. हीटर, रेडिओ काढून टाक. उरलेल्या प्रत्येक सर्किटला स्वतंत्र फ्यूज दे.

खरी गोम किल स्विचमध्ये, म्हणजे अडचणीत गाडीची सगळी वीज तोडणाऱ्या स्विचमध्ये आहे. नुसती बॅटरी तोडली तर ऑल्टरनेटर इंजिन चालूच ठेवू शकतो, वर व्होल्टेज उसळून त्याचे डायोड जाऊ शकतात. म्हणून सहा टर्मिनलांचा, ही उसळी जिरवणारा रेझिस्टर असलेला स्विच घे. तो इग्निशनही तोडतो.

जोड चांगल्या टूलने क्रिम्प कर, म्हणजे टर्मिनल वायरवर दाबून घट्ट बसव. सोल्डरच्या कडेला वायर कंपनांनी तुटते. टेपचं तर नावच काढू नकोस.

आणि इंजिन रबरी माउंटवर बसतं, रबरातून करंट जात नाही, तेव्हा इंजिन बॉडीला जोडणारी अर्थ पट्टी नवीन टाक. ती सैल असली की स्टार्टरचा करंट थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरच्या) केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते.