स्पीच थेरपिस्ट एवढे कमी पडतात, तर विद्यापीठं या कोर्सच्या जागा सरळ दुप्पट का करत नाहीत?

वर्गातल्या जागा दुप्पट करता येतात. व्याख्यानाला ४० ऐवजी ८० जण बसले तर एक मोठी खोली लागेल, एवढंच. गाडी अडते ती क्लिनिकमध्ये. विद्यार्थ्यांच्या क्लिनिकल पोस्टिंग (क्लिनिकमध्ये रुग्णांबरोबर काम करून शिकण्याच्या जागा) लावणं हेच माझं काम, त्यामुळे माझं मत त्या बाजूला झुकलेलं आहे, हे धरूनच वाचा.

अमेरिकेचा नियम घेऊ, कारण तो आकड्यांत मांडलेला आहे. तिथे प्रमाणपत्रासाठी ४०० तास भरावे लागतात: २५ निरीक्षणाचे आणि ३७५ प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचे. या ३७५ पैकी किमान पाव वेळ सुपरव्हायझरची, म्हणजे शिकवणाऱ्या अनुभवी थेरपिस्टची, थेट नजर हवी. म्हणजे ४० विद्यार्थ्यांमागे रुग्णांबरोबरचे १५,००० तास आणि सुपरव्हायझरचे किमान ३,७५०. जागा दुप्पट केल्या की ७,५००. हे तास देणार कोण? ज्यांची टंचाई आहे म्हणून आपण जागा वाढवायला निघालो, तेच! शिकवण्यात वेळ गेला की त्यांच्याकडची प्रतीक्षायादी लांबते, आणि नवा थेरपिस्ट हाताशी यायला अजून काही वर्षं असतात.

बरं, सगळे तास सारखे नसतात. लहान मुलांच्या पोस्टिंग त्यामानाने लवकर मिळतात. पण स्पीच थेरपिस्टकडे गिळायला त्रास होणारे रुग्णही येतात; ते मुख्यतः हॉस्पिटलात भेटतात आणि तिथे खाटेभोवती विद्यार्थ्यांची गर्दी करून चालत नाही. म्हणून मी आधी या पोस्टिंग किती मिळतील ते बघते आणि बॅचचा आकडा तिथून ठरवावा असं सांगते. इंग्लंडमध्ये २०१७ पासून या कोर्सच्या पदवीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी बर्सरी (शिक्षणासाठीची मदत) गेली, शैक्षणिक कर्ज आलं आणि किती जणांना घ्यायचं हे बरंचसं विद्यापीठांच्या हाती गेलं. पण पोस्टिंगसाठी दार ठोठवायचं ते त्याच क्लिनिकांचं.

मागणी मोजतानाही गफलत होते. नियोजनवाले रिकामी पदं मोजतात, पण जिथे पदच मंजूर नाही तिथे रिकामं काय दिसणार? शाळेत नुकत्याच आलेल्या साधारण ७ टक्के मुलांना भाषाविकासाचा विकार असतो, म्हणजे ३० च्या वर्गात दोघांना. तेवढी पदं कुठे आहेत? शिवाय या व्यवसायात अर्धवेळ काम करणारे पुष्कळ. डोकी मोजून उपयोग नाही, कामाचे तास मोजायला हवेत.

वाट अगदीच बंद नाही. एका सुपरव्हायझरकडे दोन विद्यार्थी जोडीने देता येतात. अमेरिकेत ३७५ पैकी ७५ तासांपर्यंत सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी नकली प्रसंगावरचा सराव, चालतं. शाळा आणि वृद्धाश्रम ही ठिकाणं अजून पुरेशी वापरलेली नाहीत. पण माझ्या हाती निधी आला तर पहिला पैसा मी सुपरव्हायझरच्या मोकळ्या वेळेवर खर्च करीन: त्यांचे रुग्ण कमी करायचे, त्या बदल्यात दुसरा माणूस द्यायचा. हे झालं की दर वर्षी थोड्या थोड्या जागा वाढवाव्यात.