‘अकिरा’च्या चित्रपटात निम्मी कथा का नाही?

आपण विचारले आहे की ‘अकिरा’ या जपानी विज्ञानकथा-मंगाचे (म्हणजे चित्रकथेचे) सहाही खंड वाचल्यानंतर तिच्यावरचा ॲनिमेशनपट पाहिला तेव्हा तो घाईने उरकल्यासारखा का वाटला, मूळ मंगाकार स्वतः दिग्दर्शक असताना त्यानेच निम्म्याहून अधिक कथा का गाळली, आणि चित्रपटाऐवजी मालिका केली असती तर मूळ कृतीला अधिक न्याय मिळाला नसता का. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र तिन्हींमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की रूपांतर म्हणजे कथेतील घटना एका माध्यमातून उचलून दुसऱ्या माध्यमात ठेवणे. विज्ञानकथेच्या मंगाबाबत हे गृहीतक फार अपुरे पडते, कारण तिथे कथानकाइतकेच महत्त्व त्या कल्पित जगाच्या दाटपणाला असते, आणि ते जग वाचकाच्या डोळ्यांपुढून कोणत्या गतीने सरकते यालाही असते. माझे मत असे आहे की तिचे मंगाकार व चित्रपटाचे दिग्दर्शक कात्सुहिरो ओतोमो यांनी घटना सोडून दिल्या आणि पानावरचा काळ व पानावरचे शहर पडद्यावर आणले. हा निर्णय बहुतांशी योग्य होता, पण त्यासाठी जे गमवावे लागले तेही थोडे नव्हते.

आधी तारखा पाहू, कारण बराचसा गैरसमज तारखांकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतो. ही मंगा कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या ‘यंग मॅगझिन’मध्ये डिसेंबर १९८२पासून क्रमशः छापली जाऊ लागली आणि १९९०मध्ये संपली. चित्रपट जपानमध्ये १६ जुलै १९८८ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याच्या कामासाठी क्रमशः प्रकाशन मध्यंतरी थांबवावे लागले होते. म्हणजे ओतोमो आणि इझो हाशिमोतो पटकथा लिहीत होते तेव्हा मंगाचा शेवट वाचकांपुढे आलेलाच नव्हता. सहा खंड एकत्र हातात घेऊन नंतर चित्रपट पाहणाऱ्या आपल्यासारख्या वाचकाला वाटते की एक पूर्ण कथा कापून लहान केली आहे. प्रत्यक्षात चित्रपटाचा शेवट मंगाच्या शेवटाआधी दोन वर्षे लोकांपुढे आला होता. ज्या कथेचा अखेरचा तिसरा हिस्सा अजून छापून व्हायचा आहे, तिचा सारांश करता येत नाही. तिच्यातून एक वेगळी, आपल्या पायांवर उभी राहणारी रचना काढावी लागते.

ती रचना कशी काढली हे पाहण्यासाठी मंगाच्या तिसऱ्या खंडाच्या अखेरीकडे जावे लागेल. तिथे अकिरा हा गुप्त प्रयोगातून अचाट मानसिक शक्ती मिळालेला, शीतकक्षातून बाहेर आलेला, एक शब्दही न बोलणारा लहान मुलगा आहे. त्याच्यावर झाडलेली नेझू या राजकारण्याची गोळी त्याच प्रयोगातल्या ताकाशी या मुलाला लागते, आणि अकिराच्या शक्तीचा उद्रेक होऊन निओ-टोकियो हे कथेतले शहर उद्ध्वस्त होते. यानंतरचे तीन खंड त्या अवशेषांमध्ये घडतात: तशीच शक्ती मिळालेला तेत्सुओ हा तरुण अकिराला पुढे करून आपले साम्राज्य उभारतो, मियाको या धर्मगुरू स्त्रीच्या मंदिरात निर्वासित आसरा घेतात, परकीय सैन्य किनाऱ्याशी येऊन थांबते. चित्रपटात मात्र अकिरा हा मुलगा जवळजवळ नाहीच. ऑलिंपिक स्टेडियमखालचे ते प्रचंड गोलाकार कोठार उघडते तेव्हा आत सापडतात ते फक्त काचपात्रांत जपलेले त्याच्या चिरफाड केलेल्या शरीराचे नमुने. या एका बदलामुळे कथेचे गुरुत्वमध्यच हलले. मंगामध्ये अकिराच्या जागे होण्याने कथा दुभंगते आणि त्यानंतर एका नव्या जगाची मांडणी करावी लागते. चित्रपटात अकिरा ही सगळ्यांना ओढून घेणारी एक पोकळी राहते, आणि त्यामुळे सगळी गोष्ट त्या शहराच्या विनाशापूर्वीच्या अल्प काळात बसवता येते. १२४ मिनिटांत दोन जगे उभी करणे शक्य नव्हते. त्यांनी एकच जग निवडले, आणि विनाशानंतरच्या जगापेक्षा विनाशाच्या उंबरठ्यावरचे शहर निवडले, हे मला अत्यंत विचारपूर्वक केलेले काम वाटते.

आता गतीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण खरी अडचण तिथेच आहे. मंगाची दोन हजारांहून अधिक पाने वाचताना वेळ वाचकाच्या हाती असतो. ओतोमो यांच्या पाठलागांच्या पानांवर संवादाचे फुगे क्वचितच असतात, त्यामुळे नजर चौकटीमागून चौकट झरझर पुढे जाते. आणि मग अचानक कोसळत्या इमारतींचे एखादे जोडपान येते, ज्याच्यातील प्रत्येक खिडकी, प्रत्येक तुटलेली सळई काढलेली असते, आणि तिथे आपण आपसूक थांबतो. या थांबण्या-धावण्यातूनच त्या जगाची जाणीव होते. चित्रपटात ही मोकळीक प्रेक्षकाला नसते. दिग्दर्शक जितका वेळ देईल तितकाच वेळ, आणि म्हणून पानावरचा बारकावा पडद्यावर आणायचा असेल तर तो हालचालीत, प्रकाशात आणि आवाजात विरघळवावा लागतो.

या चित्रपटाचे तंत्र त्याच कामासाठी राबवलेले आहे. त्या काळच्या जपानी दूरदर्शन मालिकांत खर्च वाचवण्यासाठी एकेक चित्र तीन फ्रेमपर्यंत धरून ठेवण्याची पद्धत रूढ होती, म्हणजे सेकंदाच्या २४ फ्रेमसाठी आठच चित्रे. ‘अकिरा’त त्याहून कितीतरी अधिक चित्रे वापरली गेली आणि चित्रपटासाठी दीड लाखाहून अधिक सेल (चित्रे रंगवण्याचे पारदर्शक पत्रे) रंगवले गेले. जपानमध्ये सामान्यतः चित्रे तयार झाल्यानंतर त्यांवर आवाज चढवला जातो. इथे संवाद आधी ध्वनिमुद्रित करून ओठांची हालचाल त्यांवरून काढली, त्यामुळे पात्रे अडखळतात, दम खातात, एकमेकांचे बोलणे तोडतात, आणि ते खरे वाटते. कथेचा मोठा भाग रात्री घडतो. रात्र रंगवण्यासाठी गडद छटांची मोठी संख्या लागते म्हणून ॲनिमेशनकार ती शक्यतो टाळत. या चित्रपटात ३२७ रंगछटा वापरल्याची आणि त्यांतील ५० खास त्याच्यासाठी तयार केल्याची नोंद आहे. सुरुवातीच्या मोटारसायकलींच्या पाठलागात मागच्या दिव्यांच्या लाल रेषा हवेत क्षणभर रेंगाळतात, ते आठवून पाहावे. मंगामध्ये वेग दाखवण्यासाठी काळ्या-पांढऱ्या वेगरेषा होत्या. त्यांच्या जागी चित्रपटाने रंग आणि प्रकाश ठेवले. यात एकही घटना नाही, आणि तरीही माझ्या मते संपूर्ण चित्रपटातील सर्वांत प्रामाणिक रूपांतर हेच आहे.

संगीताबाबतही असेच म्हणता येईल. ओतोमो यांनी ते काम शोजी यामाशिरो यांच्या गेइनोह यामाशिरोगुमी या समूहाकडे सोपवले. हा समूह निरनिराळ्या व्यवसायांतील लोकांचा, पेशेवर वादकांचा नव्हे. बालीच्या जेगोग या बांबूच्या वाद्यांचा घुमारा, नोह या पारंपरिक जपानी नाट्यातील गायन आणि सिंथेसायझर एकत्र आणून त्यांनी निओ-टोकियोला असा आवाज दिला की ते शहर एकाच वेळी भविष्यातले आणि फार जुन्या काळातले वाटते. मियाकोच्या मंदिरामुळे मंगामध्ये जो धार्मिक स्तर येतो, त्याचा काही अंश चित्रपटात केवळ या संगीतामुळे टिकला आहे.

केवळ काही अंशच, हे मात्र मान्य केले पाहिजे. मंगामधील मियाको ही स्वतः त्या प्रयोगातून गेलेली, विचार करणारी, लोकांना आधार देणारी स्त्री आहे आणि तेत्सुओला त्याच्या शक्तीचा अर्थ तीच समजावते. चित्रपटात ती रस्त्यावर प्रवचन करणारी एक पंथप्रमुख म्हणून काही क्षण दिसते, एवढेच. बंडखोरांतली चियोको ही स्त्री तर पूर्णच गळाली. या शक्तीविषयीचे विवेचन, अमीबाच्या हाती माणसाची शक्ती आली तर काय होईल हा दृष्टान्त, कोठडीत बसलेल्या केई या बंडखोर तरुणीच्या तोंडी घातला आहे. तिथे एक पात्र दुसऱ्याला माहिती सांगते आणि चित्रपट थबकतो. आपल्याला जी घाई जाणवली ती मला वाटते याच ठिकाणी आहे. कृती वेगवान आहे म्हणून ती जाणवत नाही. कल्पनेला मुरायला जागा मिळालेली नाही म्हणून जाणवते. शिवाय स्त्रियांची जी भक्कम फळी मंगाच्या उत्तरार्धाला तोलून धरते ती चित्रपटात उरलेली नाही, आणि हे नुकसान वेळेच्या मर्यादेने पूर्णपणे समर्थनीय ठरते असे मला वाटत नाही.

तुलनेसाठी दोन उदाहरणे देतो. हायाओ मियाझाकी यांची ‘नौसिका’ ही मंगा ‘ॲनिमेज’ मासिकात १९८२मध्ये सुरू झाली आणि १९९४मध्ये संपली, तर चित्रपट मार्च १९८४मध्ये आला आणि त्यात साधारण पहिल्या दोन खंडांपुरतेच कथानक आहे. तिथेही लेखक आणि दिग्दर्शक एकच, आणि कथा अपूर्णच. पण मियाझाकींनी चित्रपटाला नायिकेच्या पुनरुज्जीवनाचा बंदिस्त शेवट दिला आणि नंतर दहा वर्षे मंगा लिहिताना त्याच जगाच्या मूळ कल्पनेला इतका छेद दिला की विषारी अरण्य पृथ्वी शुद्ध करते या चित्रपटातील आश्वासनाचा अर्थच पालटला. ‘घोस्ट इन द शेल’चे प्रकरण वेगळे, कारण १९९५चा चित्रपट मूळ मंगाकार मासामुने शिरो यांनी नव्हे, मामोरू ओशी यांनी केला. शिरोंच्या पानांवर समासातील टिपा आहेत, विनोद आहे, बडबडे फुचिकोमा यंत्रमानव आहेत. ओशींनी ते सगळे काढून टाकले, हाँगकाँगवर बेतलेले शहर उभे केले, आणि मध्येच काही मिनिटे एकही संवाद न ठेवता केवळ पाऊस, कालवे आणि केंजी कावाई यांचे संगीत यांवर सोडली. समासातील टिपा सांगत असलेला विचार त्या निःशब्द मिनिटांत प्रेक्षकाला स्वतः करावा लागतो. घटनांच्या हिशेबाने हे रूपांतर मूळापासून दूर गेले आहे, तरी त्यातील प्रश्न अधिक तीक्ष्ण झाला आहे. इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो: मूळ लेखकच दिग्दर्शक असला म्हणजे निष्ठा आपोआप येते, हा समज या तिन्ही चित्रपटांकडे एकत्र पाहिल्यावर टिकत नाही.

आता मालिकेचा प्रश्न. सहाही खंडांवर आधारित नवी ॲनिमेशन निर्मिती करण्याची घोषणा ओतोमो यांनी २०१९मध्ये केली. मालिका झाली तर मियाको, चियोको आणि अवशेषांतील साम्राज्य यांना न्याय मिळू शकेल आणि त्याची मी मनापासून वाट पाहतो. परंतु मालिकेच्या प्रत्येक भागाला ठरावीक लांबी असते आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस प्रेक्षकाला पुढच्या भागाकडे ओढावे लागते. अशा चौकटीत तिसऱ्या खंडाच्या शेवटची ती पाने, जिथे शब्द जवळजवळ नाहीतच आणि एक अख्खे शहर फक्त कोसळत राहते, किती वेळ धरून ठेवण्याचे धैर्य निर्मात्यांना होईल, यावर त्या रूपांतराचा कस लागेल. आपण तिसरा खंड पुन्हा उघडून ती पाने घड्याळाकडे न पाहता वाचावीत आणि लगेच चित्रपटाची पहिली दोन मिनिटे पाहावीत, असे सुचवतो. तिथे टोकियो नष्ट होण्याची तारीख १६ जुलै १९८८ अशी आहे, म्हणजे चित्रपट प्रदर्शित झाला तोच दिवस. मंगामध्ये ती डिसेंबर १९८२मधील होती. वाचकाचा ‘आज’ बदलून प्रेक्षकाचा ‘आज’ करणे हा निर्णय ओतोमो यांनी पहिल्याच दृश्यात घेतला होता, आणि पुढची सगळी काटछाट मला त्याच निर्णयाशी सुसंगत वाटते.