ताई, सल्ला द्या: नाताळचं झाड

प्रश्न : आम्ही वसईचे. वडील होते तोवर वाडीतल्या सुरूची फांदी बादलीत रोवायचो. आता फ्लॅट आहे. खरं वाटेल असं कृत्रिम झाड कसं ओळखावं?
– एक वाचक, वसई

उत्तर : माझं पहिलं झाड मी क्रॉफर्ड मार्केटातून खोक्यावरच्या फोटोला भुलून आणलं. घरी उघडलं तर बाटली धुवायचा ब्रश! तेव्हापासून मी झाड उघडून दाखवल्याशिवाय पैसे काढत नाही.

फांदीचं टोक चिमटीत धरा. चपट्या, कागदासारख्या कापलेल्या पट्ट्या म्हणजे पीव्हीसी प्लास्टिक. साच्यात ओतलेली, सुईसारखी जाड, दोन-तीन हिरव्या छटांची पानं म्हणजे पीई, म्हणजे पॉलिथिलीन प्लास्टिक. खरी वाटतात ती हीच. पूर्ण पीई महाग पडतं, म्हणून बाहेर पीई आणि आत खोडाजवळ पीव्हीसी असं मिश्र झाड घ्या. आतलं कुणाला दिसतंय? दुकानदार फांद्यांच्या टोकांचा आकडा मोठा सांगतील, पण लांबून बघा. मधला दांडा दिसला तर आकडा फुकट.

फांद्या बिजागरीच्या असाव्यात आणि स्टँड लोखंडी. छत नऊ फुटांचं असेल तर साडेसहा फूट पुरे, वर चांदणी लागतेच. खाली गोठ्याला, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यालाही जागा हवी, म्हणून घेरही मोजा.

घरी आणल्यावर तासभर एकेक टोक वळवत बसा. इथेच बहुतेक जण कंटाळतात आणि झाडाला नावं ठेवतात.

सुरूचा वास मात्र यात नाही. एक डहाळी गोठ्यावर ठेवा, मी ठेवते.